झाकणावरचं नाव सोडा, पोटाखालची पाटी वाचा

अमेरिकेत एखाद्या गॅरेज सेलला किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलात, तर कोपऱ्यात चाकांवरचा एक जाडजूड डबा, म्हणजे जुना कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर, हमखास दिसतो. त्याला गुंडाळलेला लांब पाइप असतो आणि पाइपच्या टोकाला पुढे दिवा असलेलं रुंद, चपटं तोंड. किंमत किरकोळ आणि वर चिठ्ठी: ‘चालतो, पण ब्रश फिरत नाही.’ अमेरिकेतल्या काही मराठी घरांच्या बेसमेंटमध्येही असा एखादा डबा पडून असतो, घर घेताना आधीच्या मालकाने मागे सोडलेला. तो कचऱ्यात टाकण्याआधी थोडं थांबायला हरकत नाही. असल्या यंत्राची मुख्य मोटर सहसा जळलेली नसते. बिघाड असतो डब्यापासून ब्रशपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी, आणि ती वाट घरच्या घरी तपासता येते. मात्र त्याआधी यंत्र नेमकं कोणाचं, हे ठरवावं लागतं. पैसे बहुतेक तिथेच वाया जातात: चुकीचा बेल्ट, चुकीची पिशवी, न बसणारा पाइप.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाला हे फिरत्या ब्रशचं तोंड, म्हणजे पॉवर नोझल, जरा अनोळखी वाटतं, आणि ते साहजिक आहे. मुंबई-पुण्याच्या घरांत खाली लादी. लादीवरची धूळ नुसत्या ओढीने येते. आपल्याकडे दारोदार विकला गेलेला युरोक्लीन हाही डबाच होता, पण त्याच्या पाइपला साधी तोंडंच लावायची. अमेरिकेतली गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालायची पद्धत पसरली आणि जॉर्जिया राज्यातलं डाल्टन हे गाव त्या गालिच्यांचं मोठं केंद्र बनलं. गालिच्याच्या मुळाशी बसलेली रेती नुसत्या ओढीने निघत नाही, ती झोडपून वर आणावी लागते. उभ्या व्हॅक्यूमला हे काम पहिल्यापासून जमत होतं. जेम्स मरे स्पँगलरने १९०८ मध्ये पेटंट घेतलेल्या आणि पुढे हूवर कंपनीने विकलेल्या यंत्रात फिरता ब्रश होताच. डब्याच्या यंत्राला मात्र तो नव्हता. पडदे, सोफा, जिने, पलंगाखालची जागा यांत डबा उत्तम, गालिच्यावर मात्र लंगडा. म्हणून १९६० च्या दशकात उत्पादकांनी उभ्या यंत्राचा ब्रश उचलून डब्याच्या पाइपच्या टोकाला बसवला आणि तो फिरवायला तिथेच एक छोटी मोटर दिली.

एका यंत्रात दोन मोटरी आल्या, त्या अशा. डब्यातली मोटर हवा ओढते, तोंडातली ब्रश फिरवते. या दुसऱ्या मोटरीला वीज न्यायची तर ती पाइपातूनच न्यावी लागणार. या यंत्राची बहुतेक दुखणी त्या एका तडजोडीतून आलेली आहेत.

यंत्र कोणाचं?

आधी एक सोपी परीक्षा. पाइपचं डब्यात जाणारं टोक बघा. तिथे धातूच्या पिना किंवा खाचा दिसल्या, तर पाइप विजेचा आहे आणि तोंडात मोटर आहे. काहीच नसेल आणि नळीच्या, म्हणजे पाइप आणि तोंड यांमधल्या ताठ दांड्याच्या, बाहेरून वायरही जात नसेल, तर तुमच्या हातातलं तोंड टर्बो प्रकारचं आहे. त्यातला ब्रश ओढल्या जाणाऱ्या हवेवर, आतल्या पंख्याने फिरतो. त्याला वीज लागत नाही, ताकदही बेताचीच. टर्बोमध्ये बिघडण्यासारखं फार नसतं. केस काढा, बेल्ट बघा, झालं. या पुढचं सगळं विजेच्या तोंडाबद्दल आहे.

आता नाव. झाकणावर ठळक अक्षरांत लिहिलेलं नाव बऱ्याचदा विकणाऱ्याचं असतं, बनवणाऱ्याचं नसतं. सर्वांत मोठं उदाहरण केनमोर. केनमोर हा सिअर्स या दुकानांच्या साखळीचा ब्रँड. सिअर्स स्वतः यंत्रं बनवत नव्हतं, वेगवेगळ्या कंपन्यांकडून बनवून घ्यायचं. डब्याच्या मागे किंवा पोटाखाली एक पाटी असते. तिच्यावरचा मॉडेल नंबर तीन आकडे, मग टिंब, मग पुढचे आकडे असा असतो. ते पहिले तीन आकडे उत्पादकाचे. कपडे धुण्याच्या केनमोर यंत्रावर ११० असेल तर ते व्हर्लपूलचं, ७९६ असेल तर एलजीचं. व्हॅक्यूमवर बहुतेक वेळा ११६ दिसेल. हा आकडा मुळात व्हर्लपूलच्या केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल इथल्या कारखान्याचा. १९९० च्या सुमारास तो कारखाना जपानच्या मात्सुशिताने, म्हणजे पॅनासॉनिकने, घेतला. आकडा तोच राहिला. त्यामुळे त्यानंतरचा ११६ चा केनमोर म्हणजे पोटातून पॅनासॉनिक, आणि पॅनासॉनिकच्या स्वतःच्या नावाने विकलेल्या डब्यांचे कित्येक भाग त्याला चालतात. केनमोरची सी प्रकारची पिशवी आणि पॅनासॉनिकची सी-५ पिशवी एकमेकींच्या जागी बसते, तीही याचमुळे. सिअर्स २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेलं, तरी या पिशव्या आणि बेल्ट बनवणारे इतर उत्पादक आहेत, म्हणून जुन्या ११६ ला सुटे भाग अजून मिळतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. पॉवर नोझलला स्वतःची वेगळी पाटी असते, तोंडाच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला. सेलमध्ये घेतलेल्या यंत्राला कोणीतरी दुसऱ्याच डब्याचं तोंड लावलेलं असू शकतं. बेल्ट आणि ब्रश मागवताना नंबर तोंडाचा बघायचा, डब्याचा नव्हे.

इलेक्ट्रोलक्सची कहाणी याहून गुंतागुंतीची आहे, पण ती कळल्याशिवाय भाग सापडत नाहीत. मूळ कंपनी स्वीडनची. सरपटत्या धावपट्ट्यांवरचा आडवा नळकांडा त्यांनी १९२१ मध्ये मॉडेल पाच या नावाने आणला. अमेरिकेत त्यांची स्वतंत्र कंपनी उभी राहिली, कनेक्टिकटमधल्या ओल्ड ग्रीनिच इथे कारखाना आला आणि विक्री घरोघरी जाऊन होऊ लागली. १९३७ चं मॉडेल तीस लरेल गिल्ड या डिझायनरने आखलं. ते आज संग्रहालयांत ठेवलेलं आहे. १९६८ मध्ये स्वीडनच्या कंपनीने अमेरिकन कंपनीतला आपला वाटा विकून टाकला. नाव मात्र अमेरिकन कंपनीकडे राहिलं. मग १९७४ मध्ये स्वीडिश इलेक्ट्रोलक्सने अमेरिकेतलीच दुसरी व्हॅक्यूम कंपनी विकत घेतली, ती युरेका. पुढची पंचवीसेक वर्षं अमेरिकेत इलेक्ट्रोलक्स नावाचा व्हॅक्यूम खऱ्या इलेक्ट्रोलक्सचा नव्हता, आणि खऱ्या इलेक्ट्रोलक्सचा व्हॅक्यूम युरेका नावाने विकला जात होता! शेवटी २००० मध्ये स्वीडनने नावाचे हक्क परत घेतले आणि जुन्या अमेरिकन कंपनीने एरस हे नाव घेतलं.

भारतातल्या वाचकाला या गुंत्यातला एक धागा ओळखीचा वाटेल. १९८२ मध्ये फोर्ब्ज आणि स्वीडिश इलेक्ट्रोलक्स यांनी मिळून युरेका फोर्ब्ज काढली. त्या नावातला युरेका हाच.

दुरुस्ती करणाऱ्यासाठी याचा अर्थ असा. धातूचा, लांबट, घरोघरी विकला गेलेला इलेक्ट्रोलक्स, म्हणजे १२०५, सुपर जे, सिल्व्हराडो, ऑलिम्पिया वन, डायमंड ज्युबिली वगैरे, असेल तर भाग एरसच्या वंशावळीत शोधा. प्लॅस्टिकचा, एकविसाव्या शतकात दुकानातून घेतलेला इलेक्ट्रोलक्स असेल तर तो युरेकाच्या घराण्यातला. दोघांचे पाइप एकमेकांना लागत नाहीत. पिशव्यांच्या आकारावर तर अजिबात भरवसा ठेवू नका. जुन्या धातूच्या डब्यांनाही सी याच अक्षराची पिशवी लागते, पण ती इलेक्ट्रोलक्सची सी. केनमोरच्या सीशी तिचा काही संबंध नाही.

जर्मनीच्या मीलेचं काम त्या मानाने सरळ. डबा उलटा केला की पाटीवर एसने सुरू होणारा मॉडेल नंबर असतो, आणि विजेच्या ब्रशवर वेगळा नंबर, एसईबी २२८ किंवा एसईबी २३६ असा. रेनबो हा पाण्याच्या भांड्याचा प्रकार आहे. त्याचं तोंडही विजेचं असतं, पण त्याच्या मोटरीत पाण्याचा संबंध येत असल्याने तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

दोन वाटा: वाऱ्याची आणि विजेची

तक्रार काहीही असो, आधी एवढंच विचारा: ओढ कमी आहे की ब्रश थांबला आहे? या दोन तक्रारी लोक एकत्र सांगतात. त्यांच्या वाटा मात्र वेगळ्या.

ओढ कमी असेल तर यंत्र चालू करून पाइप डब्यातून काढा आणि डब्याच्या भोकावर तळहात धरा. तिथे हात घट्ट ओढला गेला, तर डबा ठणठणीत आहे आणि तुंबा पाइपात, नळीत किंवा तोंडात आहे. पाइप सरळ लटकवून त्यात एखादं नाणं सोडा. खाली खणकलं तर वाट मोकळी. अडकलं तर बहुधा हँडलच्या वळणावर किंवा तोंडाच्या मानेत केसाची पिन, पेन्सिलचा तुकडा, मुलांचा मोजा असं काहीतरी सापडेल. डब्याच्या भोकावरच ओढ कमी असेल, तर पिशवी, पिशवीमागची मोटर वाचवणारी गाळणी, मागची हवा सोडणारी गाळणी आणि झाकणाचं रबर, या क्रमाने बघा. झाकणाचं रबर सर्वांत दुर्लक्षित. वीस-पंचवीस वर्षांत ते कडक होतं, तडकतं आणि हवा पिशवीला वळसा घालून जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मोटर म्हातारी झाली.

जुन्या इलेक्ट्रोलक्स मालकांसाठी एक खास सूचना. या घराण्यातल्या बऱ्याच डब्यांत पिशवी भरली की यंत्र आपोआप बंद होण्याची सोय असते. पाइप तुंबला तरी तीच सोय कामाला लागते. पाचेक मिनिटांत आपोआप बंद पडणारं यंत्र म्हणून ते विकायला निघतं. खरं तर ते आपलं काम चोख करत असतं. केनमोरच्या डब्यातही मोटर तापली की बंद पडण्याची सोय आहे. प्लग काढून अर्धा तास थंड होऊ द्यायचं आणि तुंबा काढायचा.

ब्रश थांबला असेल तर विजेची वाट धरा. प्लगपासून ती अशी जाते: वायर, डब्यातला गुंडाळीचा ड्रम, डब्यावरचा किंवा हँडलवरचा स्विच, पाइपच्या टोकाच्या पिना, पाइपातल्या तारा, हँडल, वरची नळी, खालची नळी, तोंडाची मान, तोंडातला संरक्षक खटका, मोटर, बेल्ट, ब्रश. यांपैकी कुठलाही दुवा तुटला की ब्रश थांबतो आणि डबा मात्र जोरात ओढत राहतो. म्हणूनच चिठ्ठीवर ‘चालतो, पण ब्रश फिरत नाही’ असं लिहिलेलं असतं.

ही वाट अर्ध्यावर तोडायची युक्ती म्हणजे तोंडावरचा दिवा. दिवा लागतोय आणि ब्रश फिरत नाही, म्हणजे वीज तोंडापर्यंत पोचते आहे. पाइप विसरा, तोंड उघडा. दिवाही नाही आणि ब्रशही नाही, म्हणजे दोष बहुधा वरच्या वाटेवर आहे. बहुधा म्हणायचं कारण, जुन्या तोंडांतला दिवा साध्या बल्बचा असतो आणि तो स्वतःही गेलेला असू शकतो. आणि मोटरीचा आवाज येतोय पण ब्रश स्थिर आहे, तर दोष बेल्टचा. एवढ्या निरीक्षणाला पेचकसही लागत नाही.

त्याआधी दोन क्षुल्लक गोष्टी तपासून घ्या, क्षुल्लक म्हणूनच त्या सुटतात. हँडलवरचा स्विच ‘फरशी’च्या खुणेवर असेल तर ब्रश मुद्दामच बंद असतो, तो ‘गालिचा’च्या खुणेवर सरकवा. काही मॉडेलांत नळी सरळ उभी केली की ब्रश थांबतो, ती मागे कलवल्याशिवाय फिरत नाही.

केनमोरच्या पॉवरमेट तोंडावर एक छोटं बटण असतं, बहुधा लाल. ब्रशमध्ये गालिच्याची झालर किंवा चादरीचं टोक अडकलं की मोटरीवर ताण येतो आणि ते बटण बाहेर उडी मारतं. प्लग काढा, अडकलेलं सोडवा, बटण दाबा. काहीच न काढता नुसतं बटण दाबत राहिलात तर ते पुन्हा पुन्हा उडेल आणि एके दिवशी मोटर घेऊन जाईल.

पाइप: सर्वांत मोठा गुन्हेगार

विजेच्या पाइपात तारा पाइपच्या वेटोळ्याबरोबरच गुंफलेल्या असतात. कित्येक पाइपांत तर आकार धरून ठेवणारी तारच वीज वाहते. दोन तारा ब्रशच्या विजेच्या, आणि हँडलवर स्विच असलेल्या यंत्रांत आणखी एखादी त्या स्विचसाठी. पाइप रोज त्याच दोन ठिकाणी वाकतो: हँडलच्या लगेच खाली आणि डब्यात घुसतो त्या गिरकी घेणाऱ्या टोकाशी. तार आतल्या आत तुटते, बाहेरचं कवच शाबूत राहतं. ब्रश मधूनच थांबतो आणि हँडल जरा हलवलं की पुन्हा सुरू होतो, हे लक्षण दिसलं तर पुढे फार विचार करू नका. तार तुटली आहे.

खात्री करायला साधा मल्टिमीटर पुरतो, आपल्याकडे रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो तसला. प्लग काढा. पाइप डब्यातून आणि नळीतून पूर्ण सोडवा. मीटर कंटिन्युइटीवर लावा, म्हणजे वीज वाहण्याइतकी वाट असली की बीप वाजेल. एक टोक डब्याकडच्या पिनेवर, दुसरं हँडलकडच्या खाचेत. हँडलवर स्विच असेल तर तो ‘गालिचा’च्या खुणेवर ठेवा, नाहीतर चांगल्या पाइपला उगाच दोष द्याल. प्रत्येक पिनेची जोडी सापडली पाहिजे. बीप वाजत असताना पाइपची दोन्ही टोकं वाकवा, पिळा. बीप तुटली, की जागा सापडली. दोन वेगवेगळ्या वाटांमध्ये बीप वाजली तर तारा आत एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि तो पाइप पुन्हा प्लगमध्ये लावायचा नाही. हीच परीक्षा नळ्यांवर करा. नळ्यांच्या जोडावरच्या पिना अनेकदा काळ्या पडलेल्या किंवा आत ढकलल्या गेलेल्या असतात. त्या बारीक सँडपेपरने घासून सरळ केल्या की कित्येक यंत्रं तिथेच सुरू होतात.

ही तपासणी प्लग काढूनच करायची, यात सूट नाही. चालू यंत्राच्या नळीच्या उघड्या टोकाशी अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, आणि ज्या वस्तूत ते असतात ती आपण हातात धरून घरभर फिरवत असतो.

तुटलेला पाइप दुरुस्त होतो का? होतो, पण सगळ्यांनी करू नये. साधा पाइप टोकाशी फाटला तर तेवढा तुकडा कापून टोक पुन्हा पिळून बसवता येतं. विजेच्या पाइपात तुकडा कापल्यावर आतल्या तारा मोकळ्या कराव्या लागतात, टोकं सोलून डाग (सोल्डर) लावावे लागतात, प्रत्येक जोडावर वेगळं आवरण चढवावं लागतं आणि ताण जोडावर येणार नाही अशा तऱ्हेने ते टोकाच्या कवचात बसवावं लागतं. तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणारे महाभाग भेटतात. तो जोड रोज वाकतो, सैल होतो, तापतो. डाग लावायचा हात नसेल तर आपल्या मॉडेलचा नवा पाइप घ्यावा. सगळ्या दुरुस्त्यांत खर्चिक तोच भाग, पण तो बदलला की यंत्र कित्येक वर्षं जातं.

तोंड उघडल्यावर

तोंड उलटं करा. ब्रश हाताने फिरवून बघा. तो सुळसुळ फिरायला हवा, बेल्टचा थोडा विरोध सोडून. जड फिरतोय किंवा एका बाजूला खरखर करतोय, तर टोकांच्या बेअरिंगवर केस गुंडाळले आहेत. लांब केसांच्या घरात हा प्रकार अटळ आहे. केस बेअरिंगच्या आत शिरतात, घर्षणाने तापतात आणि टोकाची प्लॅस्टिकची टोपी वितळवतात. ब्रशवर आडवी खाच असते तीत कात्री चालवून केस कापा, मग टोकांच्या टोप्या काढून आतले केस चिमट्याने ओढा.

कव्हर उघडताना जोर लावू नका. बहुतेक तोंडांत मागे स्क्रू आणि पुढच्या कडेला आतून अडकणाऱ्या कड्या असतात. स्क्रू काढून मागची बाजू उचलायची आणि मग कड्या सोडवायच्या. उलट केलं तर जुनं प्लॅस्टिक तुटतं. उघडल्याबरोबर फोटो काढा: बेल्ट कुठून जातो, वायरी कोणत्या खाचेतून, दिव्याची वायर कुठे.

बेल्ट दोन जातींचे. रबराचा ताणला जाणारा साधा बेल्ट वर्षा-दीड वर्षात सैल होतो. जळक्या रबराचा वास आला तर तो घसरतोय असं समजा. दातेरी बेल्ट घसरत नाही, वर्षानुवर्षं चालतो, पण जातो तेव्हा दाते खाऊन जातो, आणि त्याच्या चुऱ्याने आतली जागा काळी होते. दातेरी बेल्टच्या तोंडात ब्रश घट्ट अडकला तर बेल्ट घसरून मोटरीला वाचवत नाही. म्हणून अशा तोंडांना संरक्षक खटका आवश्यकच असतो. साध्याच्या जागी दातेरी किंवा उलट बसवायचा प्रयत्न करू नका. पुली वेगळ्या असतात.

ब्रश झिजलाय का, हे बघायला तोंडाच्या तळावर एक पुठ्ठा आडवा ठेवा. केसांची टोकं पुठ्ठ्याला लागली पाहिजेत. लागत नसतील तर ब्रश नुसता हवेत फिरतो आणि गालिच्याला शिवतही नाही. काही जुन्या तोंडांत ब्रशची टोकं दोन उंचींवर बसवता येतात. नवीन असताना वरच्या, झिजल्यावर खालच्या. आधीच्या मालकाने ही सोय क्वचितच वापरलेली असते.

मोटर तपासताना एक फसगत होते. अनेक तोंडांतली छोटी मोटर डीसी असते आणि तिच्याआधी चार डायोडांचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या भागांचा, एक पूल असतो, तो घरातली एसी वीज डीसी करतो. त्यामुळे तोंडाच्या पिनांवर मल्टिमीटर लावला तर मोटर उत्तम असूनही बीप वाजत नाही, कारण मीटरची छोटी बॅटरी डायोडांना ओलांडू शकत नाही. अशा वेळी डायोडांच्या पुढे, थेट मोटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. तिथे थोडा रोध दिसला तर मोटरीचं वायंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, ठीक आहे. मोटर चांगली आणि पूल गेलेला असेल, तर तो पूल हा एक स्वस्त, नखाएवढा भाग आहे. व्होल्टेज आणि अँपियर जुळवून नवा लावता येतो.

डब्यातली मोटर

ही फार क्वचित मरते, आणि मरायच्या आधी आवाज देते. उंच, टोकदार किंचाळी येऊ लागली तर बेअरिंग गेलं. ही मोटर मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे घेते, त्यामुळे बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं की ते सांगून जातं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६०८ निघालं तर मजाच, तेच बेअरिंग स्केटच्या चाकात लागतं: भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. पण स्केटसाठी विकलं जाणारं स्वस्त बेअरिंग इथे बसवू नका, एवढ्या वेगाला ते टिकत नाही.

बाकी उरतात कार्बन. आपल्याकडच्या मिक्सरवाल्याला विचारा, तो हाच शब्द वापरेल. आर्मेचरच्या, म्हणजे मोटरीच्या फिरत्या गाभ्याच्या, तांब्याच्या पट्ट्यांवर घासणारे हे दोन कोळशाचे ठोकळे झिजत जातात. संपत आले की ठिणग्या वाढतात, यंत्र मधूनच अडखळतं आणि एक दिवस थांबतं. नवे कार्बन बसवण्याआधी तांब्याच्या पट्ट्या बघा. एकसारख्या तपकिरी आणि गुळगुळीत असतील तर नशीब. एखादी पट्टी जळून खड्डा पडला असेल तर नवे कार्बन काही दिवसांत संपतील, अशा वेळी पूर्ण मोटरच बदलावी. अमेरिकन डब्यांत ओहायोतल्या केंट गावच्या लँब, म्हणजे पुढच्या अ‍ॅमेटेक लँब, या नावाच्या मोटरी पुष्कळ वेळा सापडतात. मोटरीवरच्या पाटीचा नंबर घेतला तर तिचा जोडीदार मिळतो.

वायर गुंडाळणारा ड्रम मात्र उगाच उघडू नका. आत ताणलेली स्प्रिंग असते. ती सुटली तर हात कापते आणि परत गुंडाळायला संध्याकाळ जाते. वायर आत जात नसेल तर आधी ती पूर्ण बाहेर ओढून ओल्या फडक्याने पुसा. चिकट मळामुळेच ती अडत असते.

कधी सोडून द्यावं? डब्याच्या मोटरीचं आर्मेचर आणि पाइप असं दोन्ही गेलं असेल, तर त्या यंत्राचा दाता करावा. नळ्या, तोंड, झाकणाचं रबर, गाळणीचे साचे काढून ठेवा. त्याच नंबरचा दुसरा डबा पुढच्या सेलला भेटतोच, आणि त्याचं नेमकं तोंड गेलेलं असतं.

आणि तो भारतात न्यायचा असेल तर

परत जाणारे काही जण कंटेनरमध्ये हा डबाही भरतात. ५० आणि ६० हर्ट्झच्या फरकाची काळजी करू नका. डब्यातल्या मोटरीला त्याने काही होत नाही. प्रश्न व्होल्टेजचा आहे. १२० व्होल्टच्या यंत्राला २३० व्होल्ट मिळाले तर मोटर काही क्षण भयंकर वेगाने फिरेल आणि जळेल. ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि छोटा चालणार नाही. असले डबे पाटीवर १२ अँपियरपर्यंत लिहिलेले असतात, म्हणजे साधारण १,४०० वॉट. सुरू होतानाचा धक्का धरून २,००० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो बराच जड असतो आणि डब्याच्या मागे मागे प्रत्येक खोलीत ओढत न्यावा लागतो. शिवाय पिशव्या अमेरिकेतूनच मागवाव्या लागतात. घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसेल, तर पॉवर नोझलचं तिथे काही कामही नाही. काश्मिरी गालिचा असलाच तर तोही फिरत्या ब्रशखाली घालू नका. त्याची झालर लगेच ब्रशमध्ये जाईल. साध्या तोंडाने, झालरीला टाळून काढा.